दुर्मुखाची लेखणी

भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'चा पहिला अंक मी शाळेतील व घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांस किती वेळा शिकविला असेल, त्याची गणती नाही. त्या अंकात दुर्मुख नावाचा एक हेर येतो. नगरजन काय बोलतात ते ऐकावयाचे आणि रामचंद्रास कळवावयाचे, एवढेच त्याचे काम. सीतादेवीविषयी लोकांत जी कुजबूज चालली होती ती सांगण्याची पाळी आली, तेव्हा त्या बिचाऱ्याची जीभ अडखळते आणि अखेर ती गोष्ट तो राजाच्या कानात सांगतो. नाटककाराने ते शब्द प्रेक्षकांसही ऐकू दिले नाहीत. या योजनेतील नाट्यकौशल्य मी वर्षानुवर्षे मुलांस समजावून देत आलो. त्यातील नीती मात्र मजला साठी उलटल्यावर उमगली, आणि तीही न्यूयॉर्क शहरातील एका क्रीडांगणाबाहेर, एका खेळाडूच्या पुतळ्यासमोर उभा असताना.

सन २०२३ च्या उन्हाळ्यात पुतण्याच्या आग्रहावरून मी दोन महिने न्यू जर्सीस त्याच्या बिऱ्हाडी राहिलो होतो. एका रविवारी तो मजला बेसबॉलचा सामना दाखविण्यास घेऊन गेला. क्रीडांगणाचे नाव सिटी फील्ड. प्रवेशद्वारापाशी एका पिचरचा, म्हणजे आपल्याकडील गोलंदाजाचा म्हणा ना, भव्य पुतळा आहे. चेंडू फेकण्याच्या आवेशात त्याचा उजवा गुडघा जवळजवळ भूमीस टेकला आहे. ज्या रस्त्यावर आम्ही उभे होतो त्यासही त्याचेच नाव दिलेले आहे, आणि त्याच्या अंगरख्यावरील ४१ हा आकडा त्या क्रीडांगणाच्या पत्त्यात घातला आहे. मी विचारले, "हा कोण?"

"काका, हा टॉम सीव्हर. आपल्याकडे सचिन, तसा या संघाचा हा," पुतण्या म्हणाला. "पण १९७७ साली याच संघाने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. आणि त्याला निमित्त झाला वर्तमानपत्रातला एक लेख."

'लेख' हा शब्द ऐकताच माझ्या मनात एक जुनी कळ उठली. तिचे कारण पुढे सांगेन. सामन्यातील फारसे मजला कळले नाही. परंतु घरी परतल्यावर त्या लेखाविषयी जे जे मिळाले ते मी मिळवून वाचले.

प्रथम या व्यवहाराची थोडी कल्पना दिली पाहिजे. एका संघाने आपला खेळाडू दुसऱ्या संघास द्यावयाचा व त्याच्या बदली तिकडील एक वा अनेक खेळाडू घ्यावयाचे, यास तिकडे 'ट्रेड' म्हणतात. आयपीएलमुळे हा प्रकार आता आपल्याही परिचयाचा झाला आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातच्या संघाकडून मुंबईकडे परत आला, डिसेंबरात रोहित शर्माच्या जागी त्याजकडे नेतृत्व देण्यात आले, आणि २०२४ च्या मोसमात वानखेडे मैदानावर मुंबईकरांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडविली, हे वाचकांस आठवत असेल. अमेरिकेत ही प्रथा फार जुनी आहे. पूर्वी तर करार संपला तरी खेळाडू मालकाच्याच मुठीत राही. हरिश्चंद्र निदान स्वतःच स्वतःस विकावयास काशीच्या बाजारात उभा राहिला होता. येथे विकणारा दुसराच असे. १९६९ साली कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूने, आपण खरेदी-विक्रीची वस्तू नव्हे, असे बेसबॉलच्या आयुक्तांस लेखी कळविले आणि न्यायासनापुढे दाद मागितली. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. पण १९७५ च्या डिसेंबरात दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणी एका लवादाने निर्णय दिला आणि ती बेडी सैल झाली. खेळाडूंचे पगार भराभर वाढू लागले. सीव्हरच्या प्रकरणाचे मूळ येथे आहे.

सीव्हर न्यूयॉर्क मेट्स संघात आला तो १९६७ साली. १९६२ साली जन्मलेला हा संघ पहिल्याच वर्षी एकशेवीस सामने हरला होता व साऱ्या देशाच्या थट्टेचा विषय झाला होता. सीव्हर आल्यानंतर दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, त्याने एका मोसमात २५ विजय मिळवून दिले आणि संघाने अजिंक्यपद पटकाविले. उत्तम पिचरास देण्यात येणारा साय यंग पुरस्कार त्यास १९६९, १९७३ व १९७५ असा तीन वेळा लाभला. संघ म्हणजेच सीव्हर, अशा अर्थाचे टोपणनाव लोकांनी त्यास दिले होते.

१९७६ साली त्याने तीन वर्षांचा करार केला. त्या काळी ती रक्कम मोठीच होती. परंतु नव्या व्यवस्थेत त्याहून कमी योग्यतेच्या खेळाडूंस अधिक मिळू लागले, तेव्हा कराराचा पुनर्विचार व्हावा असे सीव्हर म्हणू लागला. शिवाय, मालकमंडळी नवे चांगले खेळाडू घेण्यास पैसा सोडीत नाहीत, अशी उघड टीकाही त्याने केली. संघाचे अध्यक्ष एम. डोनाल्ड ग्रँट हे शेअरबाजारातील गृहस्थ. पगारी माणसाने धन्यास उपदेश करावा, हे त्यांस रुचणारे नव्हते.

या वादात ग्रँट यांच्या बाजूने उभे राहिले 'डेली न्यूज' या पत्राचे डिक यंग. हे गृहस्थ कोणी सामान्य बातमीदार नव्हते. सामना संपल्यावर खेळाडूंच्या खोलीत जाऊन त्यांच्याच तोंडून हकीकत काढावयाची, ही रीत रूढ करणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांची भाषा सडेतोड, वाचकवर्ग अफाट. सही केलेला करार पाळला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. आणि त्यात वावगे काही नाही, हे मी शिक्षक या नात्याने मान्य करतो. त्यांचे जावई त्याच संघाच्या नोकरीत होते, म्हणून त्यांच्या हेतूविषयी लोक शंका घेत; पण हेतू पाहणे हे वाचकाचे काम नव्हे. मुद्दा खरा की खोटा एवढेच त्याने पाहावे.

त्यांच्याच पत्रात जॅक लँग हे सीव्हरची बाजू घेत होते, तर 'न्यूयॉर्क पोस्ट'मध्ये मॉरी ॲलन तेच करीत होते. आठवडेच्या आठवडे हा शब्दसंग्राम चालला. खेळाडू व अध्यक्ष यांच्यामध्ये जे बोलणे बंद खोलीत व्हावयाचे, ते वर्तमानपत्रांच्या रकान्यांतून होऊ लागले. तथापि येथवर जे झाले ते वादाच्या मर्यादेत होते.

१५ जून हा त्या काळी मोसमातील अदलाबदलीचा अखेरचा दिवस असे. १९७७ च्या त्या तारखेस संघ अटलांटा येथे मुक्कामास होता. आदल्या रात्री सीव्हरने मालकांच्या कन्येशी दूरध्वनीवरून बोलून तडजोड जवळजवळ ठरविली होती. सकाळी यंग यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात असे होते की, सीव्हरचा जुना सहकारी नोलन रायन यास कॅलिफोर्नियाच्या संघात आता सीव्हरहून अधिक पगार मिळतो; सीव्हरची पत्नी नॅन्सी व रायनची पत्नी रूथ या मैत्रिणी आहेत; आणि म्हणून ही गोष्ट सीव्हरच्या मनास डाचते आहे.

वाचकहो, या मजकुरात शिवी नाही, अपशब्द नाही. दोन मैत्रिणींचा उल्लेख काय तो आहे. पण त्याचा अर्थ प्रत्येकास कळला: घरात बायको टोचीत आहे, म्हणून नवरा पैसे मागतो आहे. लेखातील मजकूर कानी येताच सीव्हरने संघाच्या माणसास दूरध्वनी केला आणि तडजोड मोडली असे सांगून, आपणास येथून बाहेर काढा, असे कळविले. त्याच रात्री तो सिनसिनाटी रेड्स या संघास दिला गेला, आणि त्याच्या बदली चार तरुण खेळाडू मेट्सने घेतले. लोभी, कृतघ्न ही विशेषणे त्याने सोसली होती. बायकोचे नाव निघाल्यावर मात्र तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी आपले सामान नेण्यासाठी तो क्रीडांगणावर आला. बातमीदार भोवती जमले. काही दिवसांपूर्वीच त्याने सँडी कोफॅक्स या थोर पिचरचा एक विक्रम मागे टाकला होता व प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला होता. त्याविषयी बोलताना त्याचा कंठ दाटून आला, शब्द फुटेना. तेव्हा त्याने एका बातमीदाराची वही मागून घेतली आणि प्रेक्षकांविषयीची कृतज्ञता तीत लिहून दिली. हा प्रसंग वाचताना मी पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो. ज्या लेखणीने घाव केला, तिच्याच जातीची लेखणी निरोप घेण्यासाठी मागून घ्यावी लागली!

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कचे लोक संतापले. त्या रात्रीच्या अदलाबदलीस 'मध्यरात्रीची कत्तल' असे नाव पडले. २१ ऑगस्ट रोजी सीव्हर सिनसिनाटीच्या वेषात त्याच क्रीडांगणावर आला व आपला जुना मित्र जेरी कूसमन याच्याविरुद्ध खेळून ५-१ असा जिंकला. प्रेक्षकांनी जयजयकार केला तो पाहुण्याचा. मेट्सचे दैव मात्र फिरले. संघ तळाशी गेला, बाके ओस पडली. १९७९ साली साऱ्या मोसमात मिळून आठ लाखही प्रेक्षक आले नाहीत. न्यूयॉर्कमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची प्रसिद्ध समाधी आहे. अध्यक्षांच्या आडनावावर कोटी करून लोक त्या रिकाम्या क्रीडांगणास 'ग्रँटची समाधी' म्हणू लागले. १९७८ च्या मोसमानंतर ग्रँट यांस जावे लागले.

आणि यंग? बेसबॉलवर लिहिणाऱ्यांस जो सर्वोच्च सन्मान मिळतो, तो त्यांस १९७८ चा, म्हणजे लगतच्याच वर्षाचा, मिळाला. तो त्यांच्या दीर्घ कर्तृत्वाबद्दल होता, हेही खरे. १९८७ साली ते वारले. पुढे १९९२ साली सीव्हरची बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात निवड झाली. ही निवड मतदानाने होते आणि मतदार असतात बेसबॉल-लेखकच! ४३० पैकी ४२५ जणांनी त्याच्या नावे कौल दिला. तोवर इतके शेकडा प्रमाण कोणासही मिळाले नव्हते. पण चाहत्यांची दहा वर्षे आणि त्या बाईचे स्वास्थ्य त्या मतांनी परत येणार थोडेच होते?

येथवर ही परदेशची कथा झाली. आता माझी सांगतो. कारण ती सांगितल्यावाचून वरील सर्व लिहिण्याचा मजला अधिकार नाही.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी मी नुकताच संस्कृत शिकवू लागलो होतो. आमच्या शाळेत गणिताचे एक मास्तर होते. वीस वर्षे त्याच शाळेत. मुलांचा त्यांच्यावर अतोनात लोभ. संस्थेच्या अनेक शाळा असल्याने बदल्या होत. एके वर्षी या मास्तरांची बदली दूरच्या एका खेड्यातील शाखेत झाली. गावात खळबळ उडाली. पालकांनी सह्यांचा अर्ज तयार केला. मास्तरही आपली अडचण लिहून पाठविणार होते. म्हाताऱ्या आईस दमा होता आणि त्या खेड्यात डॉक्टर नव्हता. संस्थेतील एका गृहस्थांनी मजला बोलावून म्हटले, "तुमचा हात चांगला आहे. साप्ताहिकात दोन शब्द लिहा की! लोकांना संस्थेची बाजू कळली पाहिजे."

माझा हात चांगला आहे, हे शब्द मजला फार गोड लागले. मी टोपणनावाने लेख लिहिला. नोकरीत बदली अपरिहार्य आहे, एक गुरुजी म्हणजे शाळा नव्हे, खेड्यातील मुलांनीही चांगला शिक्षक का मिळवू नये, असे मुद्दे मांडले. ते आजही मजला चुकीचे वाटत नाहीत. पण लेखास खुमारी यावी म्हणून अखेरीस एक वाक्य घातले. आमच्या वाड्याच्या पडवीत कोणीतरी बोललेले माझ्या कानी आले होते. गणित-मास्तरांच्या मेहुणीच्या दारात मोटार आली आहे. ज्यांच्या घरातून शहराकडे डोळे लागले आहेत त्यांस खेडे कसे रुचावे? असे ते वाक्य. नाव नव्हते, पण गाव लहान होते.

मास्तरांनी आपला अर्ज पाठविलाच नाही. पालकांसही त्यांनी हात जोडून थांबविले. त्या महिन्यात आमच्या घरी हळदीकुंकू होते. मास्तरीणबाई आल्या नाहीत. पुढे कोणाच्याच घरी त्या गेल्या नाहीत. त्यांनी गाव सोडले त्या दिवशी मी उपचार म्हणून एस. टी. स्थानकावर गेलो. मास्तर छतावर ट्रंका चढवून घेत होते. त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी म्हणालो, "वहिनी, पत्र पाठवा हो." त्या म्हणाल्या, "पाठवू की, भावोजी." मग थोडे थांबून म्हणाल्या, "त्या लेखातली भाषा फार शुद्ध होती नाही?" गाडी सुटली. आईसाहेब त्या खेड्यात पहिल्याच पावसाळ्यात वारल्या, असे मागाहून कळले.

त्यांस कळले होते की नाही, हा विचार मी पस्तीस वर्षे टाळीत आलो. डिक यंग यांच्या त्या लेखाविषयी वाचल्यावर तो टाळता येईना. यंग यांचा मुद्दा कराराचा होता; माझा बदलीचा. दोन्ही मुद्दे वादास योग्य होते. मग आम्हां दोघांसही परक्या बाईच्या मनात शिरण्याची गरज का पडली? कारण उघड आहे. मुद्द्याने वाचक पटतो, परंतु हसत नाही; घरची गोष्ट काढली म्हणजे तो हसतो, आणि वाचकाचे हसू लिहिणाऱ्यास फार हवेसे असते. स्मृतिकारांनी व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत वाक्पारुष्य हे एक आहे. परंतु त्या पदात आम्ही दोघेही सापडणार नाही. कारण आमच्या वाक्यांत पारुष्य कोठेच नाही. सभ्य भाषेत केलेला घाव कायद्याच्या हाती लागत नाही, म्हणूनच सुशिक्षितास त्याचा मोह अधिक. दुर्मुखाने निदान खरोखर चाललेली कुजबूज सांगितली. तीही ज्याला सांगणे कर्तव्य होते त्यालाच, आणि कानात. आम्ही ती गावभर वाचून दाखविली.

अमेरिकेहून परतल्यावर मास्तरांचा पत्ता शोधला. मास्तर काही वर्षांपूर्वी निवर्तले होते. वहिनी पुण्यास मुलाकडे असतात असे कळले. मी पत्र लिहिले. लेख माझा होता, ते वाक्य माझे होते व ते ऐकीव होते, इतकेच लिहिले. क्षमा मागण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून ती वाचणाऱ्यावर सोपविली. पंधरा दिवसांनी उत्तर आले. अक्षर थरथरते, पण ओळी सरळ.

"ती. भावोजींस सा. न. पत्र पोचले. तुम्ही लिहिले होते हे आम्हां दोघांनाही त्याच दिवशी कळले होते. तशी भाषा गावात दुसरे कोण लिहिणार? हे म्हणत, त्याने स्वतःचे नाव घातले असते तर घरी जाऊन भांडलो असतो आणि चहा पिऊन परत आलो असतो. निनावी माणसाशी भांडायचे कोठे? मोटार ताईंची नव्हती. त्यांच्या घरमालकांची होती. आता सगळे जुने झाले. पुण्यास आलात तर या."

हे पत्र मी अनेकदा वाचले. त्यावरून एक गोष्ट यंग यांच्या बाजूची ध्यानात आली, ती सांगितली पाहिजे. त्यांनी जे लिहिले ते स्वतःच्या नावाने लिहिले. लोकांनी त्यांस दोष दिला, आणि सीव्हरला आपण कोणावर रागावलो आहो हे ठाऊक होते. तेवढेही माझ्याकडून झाले नाही.

सीव्हर ३१ ऑगस्ट २०२० रोजी निवर्तला. त्याचा तो पुतळा १५ एप्रिल २०२२ रोजी उघडण्यात आला, तेव्हा नॅन्सीबाई तेथे उपस्थित होत्या. जेथे तू असावयाचास तेथे तुला पाहून बरे वाटते, अशा आशयाचे शब्द त्या पुतळ्यास उद्देशून बोलल्या, असे मी वाचले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्यांच्या तोंडी दुसऱ्याने नसते शब्द घातले होते, त्यांस अखेर आपले शब्द आपण बोलावयास मिळाले.

येत्या महिन्यात मी पुण्यास जाणार आहे. वहिनींस नमस्कार करावयाचा आहे आणि चहा घ्यावयाचा आहे. हा लेख संपादकांकडे पाठविताना त्यांनी विचारले की, प्रकरण नाजूक आहे, टोपणनाव घालावयाचे काय? मी नको म्हणून कळविले आहे.